आकड्यांच्या शहरातील नावे

नवी मुंबईत कुणाला पत्ता विचारला तर तो आकडे सांगतो. सेक्टर अमुक, प्लॉट तमुक, इमारत क्रमांक इतका, खोली क्रमांक तितका. पुण्याला पेठा आहेत, मुंबईला वाड्या आणि चाळी आहेत, आमच्या शहराला सेक्टर आहेत. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, खाडीपलीकडच्या भातखाचरांवर आणि मिठागरांवर नकाशा आखला गेला, त्यात आधी आकडे टाकले गेले आणि माणसे मागाहून राहायला आली. शहराचे स्वतःचे नावही सुरुवातीला इंग्रजी वळणाने न्यू बॉम्बे असेच बोलले जाई. १ जानेवारी १९९२ रोजी महानगरपालिका झाली आणि नवी मुंबई हे नाव हळूहळू तोंडात बसले.

पण आकड्यांच्या पोटात जुनी नावे दडून आहेत. नेरूळ, करावे, दारावे, सारसोळे, शिरवणे, तुर्भे, घणसोली ही मूळची आगरी-कोळ्यांची गावे. बेलापूरला शहाबाज नावाचे गाव आहे. शाहबाज हा फारसी शब्द, अर्थ राजाचा ससाणा. पिढ्यान्‌पिढ्या शेती आणि मासेमारी करणाऱ्या गावाला फारसी नाव आहे आणि कुणाला त्यात वावगे वाटत नाही. आपल्या माणसाच्या नावासाठी ही गावे रस्त्यावरही उतरतात. नव्या विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे म्हणून २४ जून २०२१ रोजी बेलापुरात सिडकोवर मोर्चा निघाला, तेव्हा गर्दीत म्हाताऱ्या कोळणीही होत्या. नावासाठी माणसे एवढी का पेटतात, असा प्रश्न तेव्हा कचेरीतल्या एका सद्गृहस्थांनी केला होता. आपल्या वाचकांना तो पडणार नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ चा आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधली साडेपंधरा वर्षे काय गेली, किती घरे जळाली, किती जीव गेले, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे.

आमचे पोट कारकुनीवर. दिवसभर दुसऱ्यांची नावे लिहायची, तपासायची, ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे. त्यामुळे नावे वाचण्याची खोड लागली आहे. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी नेरूळहून घणसोलीला निघालो ते कामही नावाचेच होते. तिथल्या ओळखीच्या एका बौद्ध कुटुंबात मुलगी सात महिन्यांची झाली तरी जन्मदाखल्यावर नाव चढले नव्हते. आजोबा म्हणत संघमित्रा, बाप म्हणे कियारा. दोघांचे बोलणे बंद व्हायच्या बेतात आले तेव्हा आजोबांचा फोन आला, "तुम्ही समाजाचं काम करता, या आणि पोराला समजावा." समजावायचे कुणाला, हे आमचे आम्हालाच ठरले नव्हते. म्हणून स्टेशनपर्यंत मुद्दाम पायी, पाट्या वाचत गेलो.

नेरूळमध्ये आपल्या कांबळे, गायकवाड, जाधवांच्या शेजारी तामीळ मंडळी पुष्कळ आहेत. त्यांच्या पाटीवर आधी एकदोन अक्षरे आणि मग नाव असते. ती अक्षरे म्हणजे बहुधा वडिलांचे नाव, कधी त्याआधी गावाचे. आडनाव नाहीच. आमच्या कचेरीतल्या अर्जात आडनावाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, तेव्हा हे लोक बापाचेच नाव तिथे लिहितात आणि पुढच्या कागदावर मुलगा आणि बाप यांची अदलाबदल झालेली असते! गंमत सोडून द्या, पण यामागे विचार आहे. १९२९ साली चेंगलपट्टूला स्वाभिमान चळवळीची परिषद भरली, तिथे पेरियार रामस्वामींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नावापुढची जात टाकून देण्याचा ठराव केला. स्वतः पेरियारांनी नायकर हे शेपूट कापले. आज तामीळनाडूत नावापुढे जात लावणारा माणूस विरळा. जात गेली असे आम्ही म्हणणार नाही, निदान पाटीवरून तरी गेली.

त्याच रस्त्यावर एका गाळ्यावर सिंग नाव दिसले. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकवाले शीख बांधव मोठ्या संख्येने आहेत, त्यांचे नातेवाईक इकडेही राहतात. १६९९ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी खालसा स्थापला आणि पुरुषाला सिंह, स्त्रीला कौर ही नावे दिली. सगळ्यांचे नाव एक म्हटल्यावर जात विचारणार कशी? पण माणूस मोठा हिकमती. सिंगच्या पुढे पुन्हा कुळाचे, जातीचे नाव लागू लागलेच.

नेरूळहून ठाण्याची गाडी धरली. रविवार असल्याने बसायला जागा मिळाली. तुर्भ्याला गाडी थांबते तिथून पूर्वेला डोंगराच्या पायथ्याची वस्ती. दगडखाणी आणि कारखान्यांत राबायला मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या माणसांची. १९७२ च्या दुष्काळानंतर किती घरे तशी मुंबईच्या बाजूला सरकली! मतदारयाद्यांच्या कामासाठी आम्ही अशा वस्त्या पायी घातल्या आहेत. तिथल्या जुन्या पिढीची नावे ऐका. दगडू, धोंडू, कचरू, केरू, उकिर्डा, भिकाजी. बायांत धोंडाबाई, कचराबाई, भिकाबाई. सोमवारी जन्मला तो सोमा, मंगळवारचा मंगळ्या, शुक्रवारचा सुक्र्या.

ही नावे आली कुठून? आपल्या सभांमध्ये याचे एक ठरलेले उत्तर दिले जाते आणि ते खोटे नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे की ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलाचे, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे नाव किळस वाटेल असे असावे. बारशाच्या दिवसापासूनच माणसाला त्याची जागा दाखवायची ही तरतूद. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जी पोथी जळाली, तिच्यात हेही होते.

पण आम्हाला हे उत्तर अर्धे वाटते. दगडू आणि धोंडू ही नावे आपल्याच घरात होती असे नाही. महर्षी कर्वे यांचे नाव धोंडो केशव. देवीने, हगवणीने मुले जात, तेव्हा काळाची नजर लागू नये म्हणून जगलेल्या पोराला आईबाप मुद्दाम ओबडधोबड नाव ठेवत. धोंड्यासारखा टिकून राहा, उकिरड्यावरच्या कचऱ्यासारखा कुणाच्या डोळ्यात भरू नको, एवढाच त्यात जीव तोडून केलेला नवस. वारांची नावे म्हणाल तर बर्मी बौद्धांत आजही जन्मवाराप्रमाणे नावाचे अक्षर ठरते आणि तिथे आडनाव नसते. बाबासाहेब १९५४ साली रंगूनला गेले, तेव्हा तिथले पंतप्रधान ऊ नू होते. त्यातला ऊ म्हणजे आपल्याकडच्या काकांसारखा आदराचा शब्द.

मग फरक कुठे पडला? धोंडू एका आळीत धोंडोपंत झाला आणि दुसऱ्या आळीत धोंड्या राहिला. सत्तर वर्षांचा म्हातारा असला तरी पाटलाचे पोर त्याला धोंड्या म्हणूनच पुकारणार. अपमान नावात कमी आणि हाकेत जास्त होता. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी रजिस्टरात जे नाव लिहिले गेले ते भिवा. रजिस्टर लिहिणाऱ्या कारकुनाला काय माहीत, आपण कुणाचे नाव लिहितो आहोत! भिवाचे भीमराव झाले, भीमरावांचे बाबासाहेब झाले. घरोघर माणसांनी हाक बदलली. शेजारच्या शेतात राबणाऱ्या धोंड्याने आपल्या मुलाला राव म्हणायला सुरुवात केली ती त्यानंतर.

त्याआधीही आपल्या माणसांच्या नावाला आणखी एक शेपूट होते, नाक. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे भीमा कोरेगावच्या स्तंभावर कोरली आहेत, त्यात कित्येक नावे नाक या अक्षरांनी संपतात. इतिहासात सिदनाक आहे, रायनाक आहे. कुणी त्याचा संबंध नायक या शब्दाशी लावतात, कुणी नागवंशाशी. अर्थ कोणताही असो, ते शेपूट कधी तरी गळून पडले. तुर्भ्याच्या त्या वस्तीत आज एकही नाक नाही, दगडावर मात्र आहेत.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर तर नावांचा पाऊसच पडला. गौतम, सिद्धार्थ, राहुल, आनंद, अशोक, महेंद्र, सुजाता, विशाखा, यशोधरा, महामाया, प्रज्ञा, करुणा. बारशाला पंचांग लागेना, त्रिशरण-पंचशील पुरू लागले. पण ही नावे आईबापांना सुचली कशी? त्यांनी त्रिपिटक थोडेच वाचले होते? आमचा तर्क असा की पुष्कळ नावे शाळा-कॉलेजांच्या पाट्यांवरून घरात आली. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. त्याच्या फोर्टमधल्या इमारतींची नावे आनंद भवन आणि बुद्ध भवन. तेव्हाच्या औरंगाबादेत १९५० साली सुरू झालेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि त्याचा परिसर नागसेनवन झाला. ज्या बापाला कॉलेजच्या पायरीपर्यंत जाता आले नाही त्याने निदान कॉलेजचे नाव पोराला दिले.

मिलिंद हे नाव तर पाहा. आज आपल्याला ते अस्सल मराठी वाटते, संस्कृतात त्याचा अर्थ भुंगा असाही होतो. पण ज्याच्यावरून आपण ते घेतले तो मिलिंद राजा ग्रीक होता. त्याचे मूळ नाव मेनांदर. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात त्याचे राज्य पंजाब आणि त्यापलीकडे होते, राजधानी सागल म्हणजे आजच्या पाकिस्तानातले सियालकोट. भदंत नागसेनांना त्याने प्रश्न विचारले, त्यांचा ग्रंथ झाला आणि ग्रीकांच्या तोंडचे नाव पालीच्या तोंडात मिलिंद झाले. गंमत म्हणजे त्या ग्रंथात पहिलाच वाद नावावरून होतो. राजा नाव विचारतो, आणि नागसेन म्हणतात की मला नागसेन म्हणतात खरे, पण ते फक्त हाक मारण्यापुरते आहे, त्यामागे कायमचा असा कुणी माणूस बसलेला नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा संवाद आमच्या कचेरीतल्या अर्जांना लागू केला तर सगळी कारकुनी बंद पडेल.

सुनीता हे नाव आपल्याकडे मुलीचे. पण थेरगाथेतला सुनीत हा पुरुष होता. राजगृहात सुकलेली फुले आणि केर उचलणारा, रस्त्याने जाताना मान खाली घालणारा. भगवंतांनी त्याला संघात घेतले. किती सुनीतांना हे ठाऊक असेल?

आमच्या शाळेत हजेरी घेताना राहुल म्हटले की चारपाच पोरे उठत. त्यात दोघे आपले, बाकीचे इतरांचे, कारण तोवर हिंदी सिनेमातला दर दुसरा नायक राहुल झाला होता. आपली नावे सगळ्यांनी घेतली याचा आम्हाला आनंदच आहे. आनंद नाही तो दुसऱ्या एका आग्रहाचा. काही कार्यकर्ते म्हणतात, पालीतले नसेल ते नाव टाका. मग भीम हे नाव कुठले? महाभारतातले, अर्थ भयंकर. रमा हे लक्ष्मीचे नाव. रामजी बाबांचे नाव कुठून आले हे सांगायलाच नको. ही नावे आपण टाकणार आहोत काय? ती ज्या माणसांनी धारण केली त्यांनी त्यांचा अर्थ बदलून टाकला. भीम म्हटल्यावर आपल्याला गदा आठवत नाही.

कोपरखैरणे आले तशी दारातली गर्दी वाढली. माथाडी कामगारांची ही वस्ती, साताऱ्या-सांगलीकडची माणसे. याच भागात आमचा एक तरुण मित्र मागे भाड्याचे घर शोधत होता. एका इमारतीत घर पसंत पडले, भाडे ठरले. मध्यस्थाने नाव विचारले. त्याचे नाव अगदी नव्या वळणाचे, कुणीही ठेवावे असे. मध्यस्थ म्हणाला, "पूर्ण नाव?" आडनाव सांगितले. "मूळ गाव?" तेही सांगितले. दुसऱ्या दिवशी निरोप आला, मालकाचा भाऊ राहायला येणार आहे. भाऊ काही आला नाही, घर दोन महिने रिकामे होते. त्या मित्राच्या घरीही बारशाला हेच बोलणे झाले होते की नाव ओळखू न येणारे ठेवू, पोराला त्रास नको. ओळखणाऱ्याने ओळखलेच.

हा आमच्या मित्राचा एकट्याचा अनुभव नाही. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, बदलले ते फक्त नाव. दलित वाटणाऱ्या नावांना बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावांच्या सुमारे दोनतृतीयांश भरली, मुसलमान नावांची त्याहून कमी. अमेरिकेत २००४ साली असाच प्रयोग प्रसिद्ध झाला होता. गोऱ्या वळणाच्या नावांना काळ्यांच्या वळणाच्या नावांपेक्षा निम्म्याने जास्त बोलावणी आली. गुलामांच्या पाठीवर मालकाचे आडनाव बसले होते म्हणून माल्कम लिटल यांनी ते काढून टाकले आणि त्या जागी नुसते एक्स लिहिले.

आणि बौद्ध देश म्हटले की तिथे सारे आलबेल, असेही समजू नये. जपानमध्ये माणूस वारला की भिक्खू त्याला नवे धम्मनाम देतात, ते थडग्यावर कोरतात. बुराकू नावाचा तिथला समाज, कातडी कमावणारा, जनावरे सोडणारा, पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवलेला. त्यांच्या थडग्यांवरच्या धम्मनामांत जनावर, कातडे, नोकर अशा अर्थाची अक्षरे मुद्दाम कोरलेली सापडली आहेत. मेल्यावरही सुटका नाही, आणि तीही धम्माच्या हाताने. बुराकू चळवळीने जाब विचारला तेव्हा कुठे पंथांना ती नावे बदलावी लागली.

घणसोलीला उतरलो तेव्हा पाऊस लागला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आजोबा वाटच पाहत होते. "जयभीम. बसा. हा बघा, मोबाइलमधनं नाव काढलंय." मुलगा म्हणाला, "काका, नाव छान आहे, लहान आहे, जगात कुठंही चालतं." अर्थ विचारला तर मोबाइलने तीन निरनिराळे अर्थ दाखवले. आम्ही संघमित्रेची गोष्ट सांगितली. सम्राट अशोकाची मुलगी, भिक्खुणी झाली, बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्र ओलांडून श्रीलंकेत गेली. मुलगा म्हणाला, "काका, गोष्ट मलाही माहीत आहे. शाळेत माझं नाव ऐकलं की मास्तर पुढचं विचारायचेच नाहीत, त्यांना कळायचं. तिला ते नको." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. कोपरखैरण्याच्या मित्राची हकीकत तेवढी सांगितली. तो ऐकून गप्प बसला.

तोवर आजी आतून आल्या. मूळच्या पाटण तालुक्यातल्या. म्हणाल्या, "माझं नाव ठाव हाय का तुमास्नी?" मतदार ओळखपत्रावर दुसरेच नाव आहे, लग्नात ठेवलेले. "म्या चौथी. मला नकुशी म्हणायचे. नगं असताना आली म्हनून." सुनेने हात थांबवून पाहिले, तिलाही हे नवे होते. सातारा जिल्ह्यात अशा नकुशा किती होत्या! २२ ऑक्टोबर २०११ रोजी जिल्हा परिषदेने समारंभ करून २८० हून अधिक मुलींची नावे बदलली, मुलींनी स्वतः नवी नावे निवडली. त्यात सगळ्या जातींच्या होत्या. हे सांगितल्यावर आजी म्हणाल्या, "मग बेस झालं. पन त्या सगळ्या पोरी. म्या म्हातारी, मला कोन इचारनार?"

मग त्यांनीच तोडगा काढला. "नाव कागदावर कशाला बघताय, हाक मारून बघा." उठून गॅलरीत गेल्या आणि खणखणीत आवाजात कियारा म्हणून पाहिले, तोंडात बसेना. संघमित्रा म्हणायला गेल्या, मध्येच श्वास तुटला. "ह्ये मास्तरानं म्हनायचं नाव. म्या हिला मित्रा म्हनीन." सून म्हणाली, सुजाता कसं वाटतं? आजींनी सुजाताऽ म्हणून हाक मारली आणि खालच्या मजल्यावरून कुणी बाई ओरडली, "काय ओ आजी?" सगळे हसले, आजोबासुद्धा.

सून औषधाच्या दुकानात कामाला आहे, बोलते थोडे. तिने आम्हाला बाजूला घेऊन निराळेच विचारले, "दादा, नाव काहीही ठेवा. माझं नाव लागेल ना दाखल्यावर?" लागेल. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी राज्य शासनाने क्रम ठरवून दिला आहे. आधी बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव. ज्यांच्या घरी दाखल्यावर नाव चढायचे राहिले आहे त्यांच्या माहितीसाठी सांगतो, जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, नाव मात्र नोंदणीपासून बारा महिन्यांपर्यंत विनाविलंबशुल्क चढवता येते, पुढे शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत.

आम्ही अर्जाचा नमुना बरोबर नेला होता. सुनेने पेन घेतले, दुसऱ्या रकान्यात आधी स्वतःचे नाव लिहिले, तिसऱ्यात नवऱ्याचे, चौथ्यात आडनाव. पहिला रकाना तिने नवऱ्यापुढे सरकवला. त्याने बापाकडे पाहिले नाही, आमच्याकडेही नाही. बराच वेळ पेन नुसते फिरवत बसला. मग संघमित्रा लिहिले, आणि विचारले, "काका, मित्र मधला त्र पहिल्या मित्याला जोडून की मोडून?" आम्ही सांगितले, जोडून.